राणीचं विष उद्यावर

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला जमत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. वाचणाऱ्याने रागावू नये. पण आमच्या शेजारच्या गयामावशीबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि आमच्या झरी गावात तिला माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही.

मावशी मोबाइलवर कोरियाची मालिका बघायची. जुन्या काळच्या राजवाड्याची, बोलणं हिंदीत केलेलं. भाग तासाभराचा, मावशी अर्धाच बघे. रोज दुपारी भांडी झाली की मी जाऊन मोबाइल लावायची, आणि अर्ध्या तासाने, काही का चालू असेना, ती म्हणायची, "बस. बंद कर." एकदा राणीने विषाची वाटी ओठाला लावली होती. मी म्हटलं, मावशी, एवढं तरी बघू. "उद्या पिईल," म्हणाली आणि ज्वारी पाखडायला बसली. माझा दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता.

मोबाइल तिच्या सुनेचा, सुनीताचा. पावसाळ्यात दोघींनी मिळून मालिका सुरू केली होती. दिवाळीनंतर मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले, तेव्हा सुनीता मोबाइल सासूजवळ ठेवून गेली. मावशीला वाचता येत नाही, आणि आपलं बोट भलतीकडे लागलं तर अख्खा राजवाडा पुसला जाईल अशी तिला भीती. म्हणून मी.

बघताना ती गप्प बसत नसे. राणीच्या डोक्यावरचा केसांचा भारा बघून म्हणे, मान मोडंल पोरीची, उतरवा की कुणी. राजाची आई सुनेला छळायला लागली की मावशी मोबाइलजवळ तोंड नेऊन तिला सुनवायची, "लेकीसारखी पोर हाय. लाज न्हाई वाटत, म्हातारे?" मावशी स्वतः तिच्याहून म्हातारी.

राणीला वाढवणारी दाई मेली, तेव्हा मावशीने डोक्यावरून पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया तिला शेवया करायला बोलवायला आल्या. मावशी म्हणाली, सुतक आहे. कोण गेलं, म्हणून बाया घाबरल्या. मावशीने खरं ते सांगितलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. "तेराव्याला आमाला बलवा, गयाबाई," एक म्हणाली. मावशीने मनावर घेतलं नाही. दहा दिवस तिने शेवयांना हात लावला नाही.

मला वाटायचं, नेट पुरवायला ही अर्धा भाग बघते.

होळी झाली. गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या एकेक करून परतल्या. मावशीची माणसं आली नाहीत. मुकादमाकडून त्यांनी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली. दोन वर्षं ती पुरी फिटत नव्हती, थोडी राहत होती, आणि राहिली की पुढल्या हंगामाला पुन्हा जाणं आलंच. तेव्हा मालिकेचा एकच भाग उरला होता. मी गेले की मावशी सांगे, आज डोळे दुखायलेत. दुसऱ्या दिवशी म्हणे, राणीला जरा आराम करू दे. पाचव्या दिवशी मी धीर करून विचारलं, तेव्हा ती खाली बघत बोलली.

"सुनीता म्हनली व्हती, आत्या, ही संपायच्या आत मी येते. मी पुरवून पुरवून बघितली गं. आता संपली आन् ती न्हाई आली, तर?"

मोबाइल तिच्या उशाशी ठेवून मी घरी आले.

पाडवा होऊन गेल्यावर एका दुपारी ट्रॅक्टर आला आणि मावशीचा मुलगा आणि सून उतरले. सुनीता काळवंडली होती, उसाच्या पाचटाने हात चिरलेले. पाणी प्यायली आणि पहिलं हेच विचारलं, आत्या, राणीचं काय झालं?

"मला काय ठावं," मावशी म्हणाली. "तुझ्याबिगर कशी बघू?"

मी शेवटचा भाग लावला. पुरा. राजवाड्यात ढोल वाजत होते, सगळे राणीपुढे वाकत होते. मावशीने एकदाही तिकडे पाहिलं नाही. वाटीत खोबरेल घेऊन ती सुनीताच्या हातावरच्या एकेका चिरेला लावत होती. बऱ्याच वेळाने तिने हळूच विचारलं, "आन् उचल?"

"फिटली, आत्या," सुनीता म्हणाली. "सगळी."