साळिंदर सरांचा वर्ग

बाळांनो, मांडी घालून बसा. एका जंगलात शाळेच्या वाटेवर एक लांडगा येऊन बसू लागला. आयांच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हा साळिंदर सरांनी वडाखाली स्वसंरक्षणाचा वर्ग काढला. सरांच्या वाटेला आजवर कुणी गेलं नव्हतं. हे आपल्या तंत्रामुळेच, असं त्यांना मनापासून वाटे.

तंत्र सोपं होतं. शत्रू दिसला की पाठ फिरवायची, अंग फुलवायचं आणि उलट पावली त्याच्या अंगावर जायचं.

“पण सर, आम्हाला काटे कुठेत?” सशाच्या पिंजूने विचारलं.

“काटे मनात असावे लागतात, बाळ.”

“मग मी सरळ पळू का?”

“पळणं म्हणजे भित्रेपणा!”

आयांनीही सूचना केल्या. पोरं पडली की खरचटतं. पडणं बंद झालं. ओरडलं की घसा बसतो. ओरडणं बंद झालं. शेवटी उरले रंगीत पट्टे. दर महिन्याला प्रत्येकाला नवा मिळे. पिंजू तेवढी पांढऱ्यावरच राहिली, कारण उलटं चालताना ती मागे वळून बघायची.

एका सकाळी लांडगा खरंच समोर आला.

पिंजू सोडून बाकी पाचही पोरांनी पाठ फिरवली. अंग फुलवलं. आणि शिस्तीत, एका ओळीत, लांडग्याच्या तोंडाकडे चालू लागली.

लांडगा आधी गोंधळला. मग त्याने जबडा उघडला.

 पिंजूने मागच्या पायांनी फुफाटा उडवला, लांडग्याच्या डोळ्यांत. आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, “पळा!”

पोरं पळाली. हरणाच्या पाडसाची शेपटी तेवढी अर्धी गेली.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. सर म्हणाले, “पाच विद्यार्थ्यांचं तंत्र अचूक होतं. चूक लांडग्याची झाली.” टाळ्या पडल्या. पाचांना काळे पट्टे मिळाले. ओरडणं, पळणं आणि इतरांना पळवणं, अशा तीन गुन्ह्यांसाठी पिंजूचं नाव कमी झालं.

पिंजू रडत घरी आली. संध्याकाळी पाडसाची आई मागच्या झुडपातून हळूच आत शिरली.

“पिंजूताई, आमच्या बाळ्याला जरा पळायला शिकवशील का गं? फक्त सरांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. पट्टा काढून घेतील.”

तात्पर्य : मुलांनो, संकटात आधी पट्टा सांभाळावा. जीव काय, वर्गातलं एखादं नापास पोर वाचवतंच.