आणि सोमवारी?

शेडमधून घरी निघालं की थळेकाका दारात उभे राहून आमच्या हातांची बोटं मोजायचे.

चेष्टा म्हणून नव्हे, अगदी गंभीरपणे. आपण दोन्ही पंजे पुढे धरायचे. काका चष्मा कपाळावर चढवून एकेका बोटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "हायत. जा." त्याशिवाय सुटका नाही. एकदा जागेची पाहणी करायला एक साहेब आले होते, त्यांनाही काकांनी असंच अडवलं. साहेब गोंधळून हात पुढे करून उभे, आणि मागचा शिपाई हळूच आपलेही हात खिशातून बाहेर काढतोय. आमच्या फारूकभाईंचं एक बोट लहानपणीच गेलेलं. त्यांची पाळी आली की काका म्हणायचे, "तुजी नऊच. जा."

"काका, एखाद्या दिवशी दहा निघाली तर?" फारूकभाईंनी एकदा विचारलं.

"तर कोनाचं उचललंस ते सांगून जा."

शेड म्हणजे विचुंब्याच्या रस्त्यालगतची एक बंद पडलेली भातगिरणी. मालक भला माणूस. त्याने ती आम्हाला वापरायला दिली होती. आम्ही म्हणजे हाताने काहीतरी करायची हौस असलेली, पण घरात त्याला जागा नसलेली माणसं. जुन्या पनवेलात गॅरेज चालवणारे फारूकभाई तिथे जुने रेडिओ उघडून बसायचे. खारघरचा नीलेश कॉम्प्युटरवाला. तो कसल्या कसल्या यंत्रांवर प्लास्टिकचे गणपती काढायचा. मी कॉलेजात ग्रंथपाल. घरासाठी एक पुस्तकांचं कपाट करायचं एवढ्यासाठी गेले आणि कपाट झाल्यावरही जात राहिले. करवती, रंधे, ड्रिल, सगळं सामायिक.

काका पोर्टावरून निवृत्त झालेले. आयुष्य माल चढवण्या-उतरवण्यात गेलेलं. सुतारकाम शिकायचं म्हणून आले. पण खरं सांगायचं तर त्यांना ते कधीच जमलं नाही. त्यांनी केलेल्या स्टुलावर बसलेला माणूस आपोआप गाणं ऐकत असल्यासारखा डोलायचा. "काका, हे हलतंय," म्हटलं तर ते शांतपणे सांगायचे, "स्टूल बरा हाय. जमीन वाकडी हाय." मग जागा बदलून बघायचे. मग दुसरी जागा. शेवटी अख्ख्या शेडची जमीन वाकडी ठरायची.

दुसरी सवय म्हणजे त्यांचं प्रत्येक उत्तर "नाय"ने सुरू व्हायचं. "काका, चहा घेणार?" "नाय." मग जरा थांबून, "आन." नवीन माणसाला हे कळायला वेळ लागे. तोवर बिचारा चहा परत घेऊन गेलेला असे.

शेडची किल्ली काकांकडे असायची. आम्ही कितीही लवकर गेलो तरी दार उघडं, आणि काका आत टेबलापाशी काहीतरी घासत बसलेले. आमच्यातला शेवटचा माणूस जाईपर्यंत ते हलायचे नाहीत. आम्ही म्हणायचो, थळेकाकांसारखी आवड पाहिजे.

मग त्या जागेवर इमारत उठायचं ठरलं. मालक स्वतः सांगायला आला, फार ओशाळला होता. त्याचा दोष नव्हता. आजूबाजूला सगळीकडे तेच चाललं होतं. नीलेशने धावपळ करून खारघरला एका इमारतीचं तळघर मिळवलं. मोठी यंत्रं तिकडे हलली. जागा स्वच्छ, पंखे, उजेड, बसायला नव्या खुर्च्या. फक्त ती शनिवार-रविवारच उघडी असणार होती, आणि जायचं तर आधी मोबाईलवरून वेळ घ्यायची.

शेड रिकामी करून द्यायची म्हणून आम्ही चौघं एका रविवारी जमलो. नीलेश काकांना मोबाईलवर वेळ कशी घ्यायची ते समजावत होता.

"शनवारी, रयवारी," काका म्हणाले. "आनि सोमवारी?"

"सोमवारी बंद, काका."

"मंगळवारी?"

"मंगळवारी पण बंद."

"बुधवारी?"

नीलेश हसायला लागला. मीही हसले. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी गुरुवार विचारला आणि शुक्रवारही विचारला. प्रत्येक वेळी नीलेशचं उत्तर येईपर्यंत थांबले. मग "बरं," म्हणाले आणि झाडू घ्यायला गेले.

दिवसभर आम्ही आवरत होतो. गंजलेले खिळे, अर्धवट रंगाचे डबे, कुणीतरी दुरुस्तीला आणून विसरून गेलेले मिक्सर. एका पेटीमागे उंदरांनी नीलेशच्या प्लास्टिकच्या गणपतींभोवती छान घर केलं होतं. फारूकभाई म्हणाले, "राहू द्या, त्यांचा तो बाप्पा आहे." भंगारवाला दोनदा येऊन गेला. दुपारपर्यंत शेड एवढी रिकामी झाली की आमचा आवाज आम्हालाच मोठा वाटायला लागला आणि आम्ही हळू बोलू लागलो.

आता निघायचं, तर काकांनी पाण्याची बादली आणली आणि जमीन धुवायला सुरुवात केली.

"काका, उद्या-परवा पाडणार आहेत ही," नीलेश म्हणाला. "जेसीबी येणार आहे."

"नाय, पन घान ठेवून जाऊ नये. त्या जेसीबीवाल्याला काय वाटंल?"

ते कोपऱ्यापासून दारापर्यंत घासत आले. त्यांना एकट्याला कसं करू द्यायचं? शेवटी आम्हीही पँटी दुमडून उतरलो. तेलाचे जुने डागसुद्धा काका विटेच्या तुकड्याने घासत होते. मधेच त्यांचा हात थांबला. ते भिंतीला टेकून बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मी पाणी दिलं, तर "नाय" न म्हणताच प्यायले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"बरं नाही का?"

"बरा हाय," ते म्हणाले. "जागा चांगली व्हती."

नीलेश आणि फारूकभाई आपापलं सामान घेऊन गेले. राहिलं काकांचं कामाचं टेबल. ते जड शिसवी धूड कुठे जाणार, हे कुणीच विचारलं नव्हतं. काकांनी टेम्पो बोलावला होता. "भावाच्या पडवीत टाकतो," ते म्हणाले. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही टेम्पोत चढले.

विचुंब्यात त्यांचं घर गावठाणात आहे. चारी बाजूंनी उंच इमारती आणि मधे ते कौलारू बैठं घर. गल्लीच्या तोंडाशी काकांनी टेम्पो थांबवला. खाली उतरले, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, पण पाऊल उचलेनात.

"बाय," ते मला म्हणाले, "तू आता आलीयस ती चाय पिऊनच जाशील. पन आत मना काका म्हनू नको. मिस्त्री म्हन."

मला काही कळलं नाही. काका गल्लीकडे बघत सांगायला लागले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

काकू गेली काही वर्षं माणसं विसरत चालल्या होत्या. आधी शेजारचे, मग बहिणी. मूलबाळ नव्हतंच. एक दिवस सकाळी त्या उठल्या आणि घरात परका पुरुष बघून ओरडत अंगणात पळाल्या. तो परका पुरुष म्हणजे काका. डॉक्टर झाले, औषधं झाली. काका दिसले की त्या थरथर कापायच्या. शेजारी राहणारी भावजय त्यांचं सगळं करायची, काकांना मात्र घरात शिरता येईना. एका संध्याकाळी ते शेडमधून हातात करवत घेऊन तसेच दारात गेले आणि घाबरून बोलून गेले, "मिस्त्री हाय, खिडकी बगायला आलोय." काकूंनी दार उघडलं.

"तवापासून मी मिस्त्री," काका म्हणाले. "सांजच्याला जातो. तासभर काम करतो. ती जेवून झोपली का मी पडवीत पडतो. सकाळी ती उठायच्या आत निघतो. पन दिवसभर मिस्त्री घरात कसा बसंल? तिला संशय येल. कुटंतरी जायला हवं ना मना."

मी तिथेच गल्लीत उभी राहून फारूकभाईंना फोन लावला. कारण सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "काकांच्या टेबलाला जागा हवी आहे. रोज उघडी असेल अशी."

"रोज?" फारूकभाई म्हणाले. "जुम्म्याला गॅरेज बंद असतं. त्या दिवसासाठी चावी देऊन ठेवतो त्यांना. टेम्पो पाठव."

टेम्पो टेबल घेऊन जुन्या पनवेलकडे वळला. काकांनी पंच्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. मग आम्ही गल्लीत शिरलो.

स्वतःच्याच घराची कडी त्यांनी हलकेच वाजवली.

"कोन?"

"मिस्त्री हाय, वैनी."

दार उघडलं. बारीक चणीच्या, स्वच्छ लुगड्यातल्या काकू. भावजयीने केसांत अबोलीचा गजरा माळून दिलेला.

"या. ही कोन?"

"माज्या हाताखाली काम शिकते."

"बाईमानूस मिस्त्री!" काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं हाय. बस गो."

मी बसले. काका खिडकीपाशी गेले आणि स्क्रू आवळू लागले. तो आधीच घट्ट होता. त्यांनी तो ढिला केला आणि पुन्हा आवळला. भावजय चहा ठेवून गेली. काकू माझ्याजवळ सरकल्या.

"आमचे घरवाले पोर्टावर हायत," त्या म्हणाल्या. "तितं लई अवजड काम. येतीलच आता. बोलत नाय जास्त, पन मनानं लई चांगला मानूस हाय. कदी हात उचलला नाय माज्यावर. बाजारातून येताना माज्यासाठी काय ना काय आनतीलच."

"हो का?" मी म्हटलं.

काकांची आमच्याकडे पाठ होती. तोच स्क्रू ते पुन्हा ढिला करत होते.

"तुमचे घरवाले कसे दिसतात?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

काकू विचारात पडल्या. मग लाजून हसल्या. "उंच हायत," म्हणाल्या.

बाहेर इमारतींमधे एकेक दिवा लागायला लागला. भावजयीने देवापाशी निरांजन लावलं. काकू उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. काकांचा रिकामा कप त्यांनी उचलला.

"मिस्त्री, पुरे आता. ऱ्हायलेलं उद्या करा," त्या म्हणाल्या. "तुमीपन घरी जा. तुमची बायको वाट बगत आसंल."

काकांनी स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत ठेवला.

"व्हय, वैनी," ते म्हणाले. "बगत आसंल." आणि चपला हातात घेऊन, आवाज न करता, बाहेर पडवीत जाऊन बसले.