खांबकाकांचा समुद्र

"रस्त्याकडेचा एक खांब दाखवा, भाग सांगतो!"

ही खांबकाकांची फुशारकी ऐकली नाही असा माणूस त्यांच्या गल्लीत शोधूनही सापडला नसता. शेजाऱ्यांनी ती ऐकली होती, पोस्टमनने ऐकली होती, आणि दातांच्या डॉक्टरांनी तर काकांच्या तोंडात आरसा असतानाही ऐकली होती.

काका रस्ते खात्याच्या मुख्य भांडारात एकतीस वर्षं भांडारपाल होते. रस्त्याकडेचे खांब, वळणाच्या पाट्या, अंतराचे दगड, सगळं त्यांच्या सहीने देशभर जायचं. मैदानाला पिवळे-काळे पट्टे. डोंगराला तांबड्या टोपीचा बुटका खांब आणि 'दरड कोसळते' ची पाटी. किनाऱ्याला निळ्या पट्ट्यांचा उंच खांब आणि त्यावर पुराचं पाणी मोजायचे आकडे. शेजारी सहलीचे फोटो घेऊन आले, की काका त्यातल्या माणसांकडे ढुंकूनही बघत नसत. "मध्येच कशाला उभे राहिलात? खांब झाकला ना!" एवढाच त्यांचा अभिप्राय.

यातल्या एकाही भागात काका स्वतः गेले नव्हते. जायचं कशाला? खांब जात होते की! काकू याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणत, पण काका खांबाबद्दल बोलत असताना त्यांना दुसऱ्याचं काही ऐकू येत नसे.

काकांच्या पुतणीला तिच्या आईवडिलांमागे या दोघांनीच वाढवलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. तिथे एक जमीन मोजणारा तरुण आला, आणि नंबर तसूभरही बदलला नसताना महिन्यात चार वेळा आला. पाचव्या वेळी त्याने लग्नाचं विचारलं. तिने होकार दिला, पण म्हणाली, "काकांना पटलं पाहिजे." मग डोंगरातल्या नव्या रस्त्याच्या मोजणीसाठी तो निघून गेला आणि तिथून त्याने आपला एक फोटो पाठवला. पुतणीने तो काकांसमोर धरला. मुलगा हसरा होता. दुर्दैवाने त्याच्या शेजारी खांब होता.

"भिंग आण!" काका म्हणाले.

भिंग आलं. काका मुलाला ओलांडून खांबावर पोहोचले.

"निळे पट्टे. आकडे एक ते आठ. हा किनाऱ्याचा खांब आहे!"

"पण काका, तो डोंगरात आहे."

"डोंगरावर पूर येतो?"

"नाही."

"मग पाणी कोणाचं मोजायचं? ढगांचं? पोरी, माणूस खोटं बोलेल, खांब बोलणार नाही! डोंगरात आहे असं सांगून जो समुद्रकाठी राहतो, त्याचा तिथे संसार असणार."

"अहो, एका खांबावरून तुम्ही पोराला बायकोसुद्धा देऊन टाकलीत!" काकू म्हणाल्या.

"मुलंही असतील," काका शांतपणे म्हणाले.

पुतणीने तरुणाला फोन करून आणखी फोटो मागवले. "काकांना खांब आवडतात," एवढंच तिने सांगितलं. त्या भोळ्या जिवाला वाटलं, काकांच्या मनात शिरायची वाट सापडली! संध्याकाळपर्यंत त्याने चौदा खांबांचे चौदा फोटो पाठवले. प्रत्येक खांब समोरून टिपलेला, प्रत्येकाशेजारी मोजपट्टी उभी केलेली.

"चौदाच्या चौदा किनाऱ्याचे!" काका गरजले. "आणि मागे हे काय आहे?"

"धुकं."

"समुद्रावरचं! हे लग्न होणार नाही!"

चौदा खांब ओळीने पाहिल्यावर पुतणीलाही शंका आली. तिचा त्याच्यावर भरवसा होता, पण लहानपणापासून काकांच्या खांबांवरही होता. शेवटी ती म्हणाली, "उद्या रविवार आहे. आपण तिथे जाऊ. तो डोंगरात नसला, तर मी त्याचं नाव काढणार नाही. आणि असला, तर तुम्ही नाही म्हणायचं नाही."

"मंजूर!" काका म्हणाले. जिंकलेल्या माणसाला अटी मान्य करायला काय जातं!

सकाळी पुतणी गाडी चालवायला बसली, शेजारी काका, मागे काकू. पहिले तीन तास पिवळे-काळे खांब लागले. "मैदान!" काका प्रत्येक खांबाला दाद देत होते. मग पहिला निळा खांब आला.

"बघ! किनारा सुरू झाला!"

"काका, आपण चढतोय." गाडी पहिल्या गिअरमध्ये धापा टाकत होती.

"किनाऱ्याआधी थोडा चढ असतोच."

थोडा चढ तासभर चालला. रस्ता सारखा वळत होता. काकूंच्या कानांना दडे बसले. "खारी हवा!" काका म्हणाले. काकूंनी स्वेटर घातला, त्यावर शाल घेतली. "समुद्राचा वारा!" काका म्हणाले. त्यांचेही दात वाजत होते. तेवढ्यात एका वळणावर दरी उघडली आणि खाली दूरवर पांढरंशुभ्र काहीतरी पसरलेलं दिसलं.

"तो बघ समुद्र!" काका खिडकीतून ओरडले.

"अहो, तो ढग आहे."

"मग समुद्र ढगाखाली असेल."

"काका, ढग आपल्या खाली आहे!"

काका जरा विचारात पडले. पण पडलो तरी नाक वर!

"किनारा उंच आहे," ते म्हणाले.

आणखी चार वळणांवर रस्ता संपला. तिथे मोजणी कार्यालयाची एक खोली होती, चहूकडे डोंगर होते, आणि रस्त्याच्या मधोमध तो तरुण दोन्ही हात हलवत उभा होता. पुतणीने गाडी थांबवली. तिला एकदम रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

"या काका, या काकू!" तरुण वाकून म्हणाला. "खांब आवडले का?"

काकांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते शेजारच्या निळ्या खांबाला हात लावून पाहत होते. "पोरगा तर डोंगरातच आहे," ते हळूच काकूंना म्हणाले. "पण हा खांब इथे काय करतोय?"

आत कार्यालयाचे म्हातारे साहेब शेगडीपाशी बसले होते. पाहुणे रस्ते खात्यातले, हे कळताच त्यांचा चेहरा खुलला.

"मग तुम्हाला आमची गंमत दाखवायलाच हवी!" त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे काचेच्या चौकटीत एक पिवळं पडलेलं पत्र होतं. "बावीस वर्षांपूर्वी मुख्य भांडारातल्या कुण्या शहाण्याने दोन ट्रकांची अदलाबदल केली. किनाऱ्याचे खांब आम्हाला, आमच्या दरडीच्या पाट्या किनाऱ्याला! तिथले लोक म्हणे अजून वाळूत उभं राहून दरड शोधतात! आम्ही कळवलं, माल चुकला. तर उत्तर काय आलं? ऐका! 'माल तपासून बरोबर पाठवला आहे. आपण नेमके कोणत्या भागात आहात, याची प्रथम खात्री करून घ्यावी.'"

तरुण हसला. काकूंना खोकला आला.

"आणि आम्ही खात्री केली हो!" साहेब टेबलावर थापा मारत होते. "सगळं कार्यालय बाहेर गेलं, चारी बाजूंनी पाहिलं. डोंगरच निघाला!" त्यांनी डोळे पुसले. "बावीस वर्षं या महापुरुषाला शोधतोय. एकदा भेटला, तर त्याला त्या आठ फुटी खांबाशेजारी उभा करून विचारीन, पाणी कुठवर आलंय! तुम्ही भांडारातलेच ना? ही सही कोणाची, ओळखता येईल?"

काकांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला. "हल्ली नजर जरा..."

"मी बघते ना," पुतणी म्हणाली.

ती चौकटीसमोर उभी राहिली. वळणदार सही, खाली दोन रेघा, शेवटी ठसठशीत टिंब. शाळेची दहा वर्षं ही सही तिने आपल्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. काकू छताचं बारकाईने निरीक्षण करू लागल्या.

पुतणी वळली.

"ओळखीची वाटते खरी," ती म्हणाली. "पण आधी लग्नाचं बोलायचं का, काका?"

"बोल ना," काका म्हणाले. "लग्न उद्या चालेल?"