सोलांज व्हेर्दिए वाचनालयाचे नामकरण

लेखक हयात असेपर्यंत गावाला त्याचा फारसा उपयोग नसतो. आमचे फ्रान्समधले मोंतरेय गाव याला अपवाद नव्हते. ही अडचण आईने गेल्या मार्चमध्ये दूर केली.

सोलांज व्हेर्दिए, वय एक्क्याऐंशी, कवयित्री आणि कादंबरीकार. कवितासंग्रह चार, कादंबऱ्या तीन, मुलगी एक (मी). नगरपालिकेने अकरा जणांची समिती नेमली आणि समितीने एकमताने वाचनालयाला आईचे नाव दिले. एकमत लवकर झाले, कारण अकरापैकी कोणीही तिचे काही वाचलेले नव्हते. (वाचले की मतभेद संभवतात.)

दरम्यान वाचनालयात खुरपणी सुरू होती. दहा वर्षांत कोणी नेले नाही ते पुस्तक काढून टाकायचे, याला आमच्याकडचे ग्रंथपाल खुरपणी म्हणतात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. आईची सातही पुस्तके निघाली. दारावर आईच्या नावाची पाटी लागली की दुसऱ्या दिवशी ही पुस्तके कागदाच्या लगद्यासाठी जाणार होती.

घरी माझ्याकडे प्रती आहेत. पण घरच्यांच्या वाचण्याला आई वाचणे धरत नसे. म्हणून मी ग्रंथपाल जिस्लेनकडे गेले. शाळेत ती माझ्याच बाकावर बसायची. निदान एक तरी ठेव, म्हटले.

“अगं, तुझी आई दारावर आहेच की आता,” ती म्हणाली. “आत कशाला हवी?”

तरी जिस्लेन दुष्ट नाही. समारंभाच्या दिवशी सहापर्यंत गावातल्या कोणी एखादे पुस्तक नेले, तर त्याला आणखी दहा वर्षे मिळतील, असे तिने सांगितले. (मी राहते ल्यों शहरात, कार्डही तिथले. इथे चालत नाही.)

समारंभाला एकशे चाळीस माणसे आली. मी पुस्तकांची ढकलगाडी वाईनच्या टेबलाला लावून उभी केली, कारण आमची माणसे तिथून हलत नाहीत. आईने गावाला शब्द दिले, असे महापौर म्हणाले. टाळ्या झाल्या. मग त्यांनी रिकामा ग्लास तिच्या दुसऱ्या कादंबरीवर ठेवला. सहापर्यंत गाडीवर एकतीस ग्लास जमले. एका बाईंनी एक कवितासंग्रह उचललाही. मागचा फोटो पाहून, “किती गोड हसायची,” म्हणाल्या आणि परत ठेवला. (फोटो मी काढला होता.)

सहा वाजता जिस्लेनने गाडी आत नेली.

आता आई तुम्हालाही माहीत झाली: वय, पुस्तकांची संख्या, ग्लासांची संख्या. थोडे वाईटही वाटले असेल. तिच्या एकाही पुस्तकाचे नाव मी सांगितलेले नाही, हे मात्र माझ्याही आत्ताच लक्षात आले. समितीत एक जागा रिकामी आहे; तुम्ही किंवा मी, कोणीही चालेल.