भोक नसलेली काडतुसं

काकांनी चहा संपवला आणि सवयीप्रमाणे कप पालथा करून दाखवला. "रिकामा," ते म्हणाले. काकूंनी टेबलावर पडलेला थेंब पुसला. उभी नोकरी शस्त्रागारात काढलेला माणूस चहासुद्धा तपासणी असल्यासारखा पितो, हे त्यांनी लग्नानंतर लवकरच ओळखलं होतं.

निवृत्तीनंतर काका जुन्या, वापरलेल्या पुंगळ्यांपासून शोभेची काडतुसं करत. आत दारूचा कण नाही, टोकाला लाकडाची गोळी आणि पुंगळीच्या कुशीत आरपार भोक. त्या भोकात काकांचा जीव होता. "रिकामं आहे असं देवानं सांगितलं तरी आपण स्वतः बघायचं," हे त्यांनी शिकाऊ पोरांच्या कित्येक तुकड्यांना घोकायला लावलं होतं. आता खात्याच्या संग्रहालयात त्यांची काडतुसं मांडली जाणार होती, खाली पितळी पट्टीवर त्यांचं नाव. काकांचे पाय जमिनीवर नव्हते.

काकूंना मात्र ती भोकं डोळ्यांत खुपत. "कीड लागल्यासारखी दिसतायत."

"ती दिसायलाच हवीत."

"लोक म्हणतील, या घरात बाई आहे की नाही."

काका केस कापायला गेले तेवढ्यात काकूंनी पुट्टी कालवली. एकूण एक भोक बुजवलं, वरून सोनेरी रंग दिला, पंख्याखाली वाळवून, घासून चकचकीत केलं आणि काडतुसं मऊ कापडात गुंडाळून पेटीत भरली. घरी आलेल्या काकांना पेटी आयती भरलेली मिळाली. त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी ती तशीच उचलली आणि काकूंना घेऊन संग्रहालय गाठलं.

संग्रहालयाचे साहेब एकेकाळी काकांच्याच हाताखाली शिकलेले. पाहुण्यांसमोर त्यांनी पहिलं काडतूस कापडातून काढलं, बोटांत फिरवलं आणि अगदी सावकाश खाली ठेवलं.

"काका, भोक कुठाय?"

"कुशीत."

"नाहीये."

काकांनी दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. एकातही भोक नव्हतं.

"तुम्हीच शिकवलंय," साहेब हळूच म्हणाले. "भोक नसेल तर जिवंत समजायचं."

"बरोबरच शिकवलंय," काका पेटीपासून मागे सरले. "सगळे बाहेर व्हा."

पायऱ्यांवर पाहुण्यांची गर्दी झाली. साहेबांनी बॉम्बशोधक पथकाला फोन लावला. "पण तुम्हीच केलीत ना? रिकामी आहेत एवढं सांगा की."

"माझ्या सांगण्यावर कशाला जाता? मी न बघता पेटी उचलली." एवढ्या नोकरीत ज्या नावाला बट्टा लागला नव्हता, ते आज सगळ्यांसमोर मातीत गेलं होतं. "पट्टी काढून ठेवा, साहेब."

मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. काकू कुठेच नव्हत्या.

सगळे खिडकीकडे धावले. आत काकू खुर्चीत निवांत बसून अंबाड्यातल्या आकड्यानं पुट्टी उकरत होत्या. शेवटचं काडतूस त्यांनी उजेडाकडे धरलं. भोकातून पलीकडची भिंत दिसत होती.

"मला कुणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "एवढी छान बसली होती पुट्टी."

साहेबांनी प्रत्येक भोकाला स्वतः डोळा लावला. मग काकांनी लावला. त्यानंतरच पट्टीचे स्क्रू पिळले गेले.

संध्याकाळी काकांनी चहा पिऊन कप सरळच खाली ठेवला. "संपला," ते म्हणाले.

काकूंनी कप उचलला आणि आत नीट डोकावून पाहिलं.

"आपण स्वतः बघितलेलं बरं," त्या म्हणाल्या.