कातडी दोराचे आठशे मीटर

साल एकोणीसशे बहात्तर. विषुववृत्तावरच्या आमच्या नंदी डोंगरातल्या शाळांमधून त्या वर्षी वार गेले आणि मीटर आले. चारशे चाळीस वारांच्या जुन्या फेरीवर धावून इथली माणसं परदेशी शर्यतींसाठी विमानात बसली होती, पण वरून कागद आला की यापुढे फेरी चारशे मीटरचीच हवी. फरक सव्वादोन मीटरचा. अराप सिगेई मास्तरांनी तेवढा तुकडा कमी केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ते गणिताचे मास्तर. त्यांनी सगळं मैदान नव्याने आखायला घेतलं.

मीटरची फीत जिल्हा कचेरीत एकच होती आणि ती कचेरीबाहेर न्यायची परवानगी नव्हती. म्हणून मास्तरांनी टापसियारगा म्हातारीकडून बैलाच्या ताज्या कातड्याचा दोर घेतला. कातडं गोल गोल कापत काढलेला, एकसलग, कुठे गाठ नाही. तो ओलाच सायकलला गुंडाळून कचेरीत नेला, अंगणात पसरला आणि फितीने बरोबर पन्नास मीटरवर कापला. मग उंदरांनी खाऊ नये म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या तुळईला टांगला. तीन आठवड्यांनी खाली काढला, लोणी चोळून मऊ केला आणि आठ दोरांची फेरी आखली.

मार्चअखेर शर्यती झाल्या. म्हातारीची नात जेबिवोट आठशे मीटर धावणार होती. तिला मास्तरीण व्हायचं होतं, पण शिक्षिकांच्या कॉलेजात ती थोड्या मार्कांनी हुकली होती. तिथे धावणारीसाठी एक जागा राखीव असे. अट एकच, आठशे मीटर दोन मिनिटं बारा सेकंदांच्या आत. त्यासाठी कॉलेजच्या मुख्य नासिमियू बाई स्वतः घड्याळ घेऊन आल्या होत्या. चार वाजता त्यांची परतीची बस होती. ही जागा गेली तर जेबिवोटला पुढच्या वर्षी गाईच राखायच्या होत्या.

सकाळपासून विक्रम मोडायला लागले. दहा वाजेपर्यंत जिल्ह्याचे चार मोडले. मास्तर लिहिता लिहिता फुलून गेले. वडीलधाऱ्यांच्या दोनशे मीटरमध्ये आमच्या गावाचे उपप्रमुख अराप चुमो अठ्ठावन्नाव्या वर्षी सत्तावीस सेकंदांत आले. त्यांना स्वतःला काही नवल वाटलं नाही. सकाळी मध खाल्ला होता, म्हणाले.

मग जेबिवोट धावली. अनवाणी, गवतावर, दुसऱ्या वळणावर एक गाय आडवी आली तिला वळसा घालून. तिन्ही घड्याळांनी एकच सांगितलं, एक मिनिट एकोणसाठ पूर्णांक सहा. मैदानात एकच गलका झाला. बायकांनी गाणं धरलं, म्हातारीने तुंबा पुढे केला. जिंकून आलेल्याने मुर्सिक प्यायचं असतं, आणि तुंब्यात थेंबही शिल्लक ठेवायचा नसतो. आंबवलेलं, कोळसा घोटलेलं ते दाट दूध पोरीने शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं.

नासिमियू बाई मात्र घड्याळाकडेच पाहत होत्या.

"मास्तर, जगातली सगळ्यात वेगवान बाई हिच्यापेक्षा एक सेकंद पुढे आहे. फक्त एक."

"आमची हवाच तशी आहे, बाई."

"हवा मी पण पाहिली. मैदान मोजा."

मास्तरांनी सगळ्यांसमक्ष मोजलं. आठ दोर, बोटभरही कमीजास्त नाही. तेवढ्यात रोजचा दोनचा पाऊस आला, माणसं वर्गांत पळाली आणि दोर गवतातच राहिला. पाऊस थांबल्यावर बाई म्हणाल्या, माझ्यासमोर पुन्हा एकदा मोजा. या वेळी सात दोर भरले आणि आठवा अर्धासुद्धा लागला नाही. मास्तरांनी दोनदा मोजलं, चष्मा पुसला, आणि पावसाने मैदान कसं आक्रसू शकेल याचा विचार करत उभे राहिले.

टापसियारगा म्हातारी हसत हसत खालीच बसली.

"मास्तर, कातडं वाळलं की आखडतं, भिजलं की सैल पडतं. पाळण्यातल्या पोरालासुद्धा ठाऊक आहे."

"मग आधी का नाही सांगितलंत, कोगो?" आमच्यात आजीला कोगो म्हणतात.

"मला वाटलं गाय बांधायला नेलात."

हसू ओसरलं तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की पोरीची शर्यतही बाद झाली. ती सातशेछत्तीस मीटर धावली होती आणि पोट दुधाने तट्ट भरलं होतं. नासिमियू बाईंनी बसची वेळ पाहिली. त्या म्हणाल्या, खरे आठशे आखून देत असाल तर मी थांबते, पण धावायचं की नाही ते मुलीने ठरवावं.

जेबिवोटने आजीकडे पाहिलं. "धावते," म्हणाली. "पण मला कुणी हसवू नका, दूध वर येईल."

ऊन पडलं होतं. ते दोर पुन्हा आखडवील या धास्तीने मास्तरांनी तो गुरांच्या हौदात बुडवला. थोडा नाही, चांगला अर्धा तास. मग शाळेचे दोन दांडगे शिपाई दोन टोकांना लावून ताणून धरला आणि शेवटच्या रेषेपासून फेरीवरून मागे मागे सोळा दोर मोजले. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या. म्हातारी तिकडे पोरीचं पोट चोळत बसली होती. या वेळीही तिला कुणी विचारलं नाही.

जेबिवोट एकटी धावली. ओल्या गवतावरून पाय घसरत होते, पहिल्या फेरीनंतर एका हाताने तिने पोट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. गाणं म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही. दोन मिनिटं पंधरा. तीन सेकंदांनी हुकली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, घड्याळ पिशवीत टाकलं आणि बस गाठली.

मास्तर ते दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. सोमवारी ते जिल्हा कचेरीत जाऊन बसले आणि फीत, तिच्यावर पहारा करणाऱ्या कारकुनासकट, घेऊन आले. खुंटीपासून खुंटीपर्यंत मोजलं. आठशे सव्वीस मीटर. दोर इतका भिजला होता की प्रत्येक खेपेला दीड मीटरहून जास्त लांबला होता. मास्तरांनी रात्र जागून सहा पानी गणित मांडलं. त्या हिशेबाने खऱ्या आठशे मीटरला पोरीला दोन मिनिटं अकरा सेकंदही लागले नव्हते. सव्वीस मीटरची हकिकत वेगळ्या चिठ्ठीत लिहून ते त्यांनी कॉलेजला धाडलं.

पंधरा दिवसांनी नासिमियू बाईंचं पत्र आलं. मास्तरांनी ते म्हातारीच्या अंगणात उभं राहून वाचून दाखवलं.

"मुलीला पाठवा. एका दिवसात दोनदा धावली, दुसऱ्यांदा भरल्या पोटी आणि सव्वीस मीटर जास्त, आणि चूक कुणाची हे एकदाही विचारलं नाही. शाळेत शिकवायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. तुमचं गणित सोबत परत पाठवते आहे. मी ते वाचलेलं नाही."

शेवटचं वाक्य मास्तरांनी जरा हळू वाचलं.

म्हातारी पुढे सात वर्षं जगली. मास्तरांना दिसली की ती वाटेतच हसायला लागे, आणि मास्तर सायकलवरून उतरून तिचं हसणं संपेपर्यंत थांबत. त्या दिवसाचे विक्रम खोडले गेले, फक्त अराप चुमोंचा राहिला, कारण त्यांच्या घरी जाऊन सांगायला कुणी तयार होईना. मास्तर निवृत्त होईपर्यंत गणितच शिकवत होते, आणि चांगलं शिकवत होते. नासिमियू बाई किसुमू शहराकडे बदलून गेल्या. जेबिवोटने एकतीस वर्षं मुलींची शाळा चालवली. धावण्यात तिचं नाव झालं नाही, प्रांताच्या संघात दोनदा गेली तेवढंच. पण रोज पहाटे ती चहाच्या मळ्यांमधून धावायला जायची, नोकरी संपल्यावरही. किती धावते ते मात्र तिने कधी मोजलं नाही.