पटले सरांचे तुर्की दोस्त

पुस्तकातल्या माणसांना भर चौकात रागावणारा माणूस पाहायचा असेल तर हायवेवरच्या कोहमाऱ्याला या. चहाच्या टपरीवर आमचे पटले सर भेटतील. बाप रे, काय तो आवाज! "बोल ना बावा, कायले थांबून राहिला?" हे टपरीवरच्या कुणाला नसतं, हातातल्या तुर्की कादंबरीच्या नायकाला असतं.

सर इतिहास शिकवून रिटायर झाले, मी त्याच शाळेत अजून गणित शिकवतो. त्यांनी लग्न केलं नाही. तुर्की कादंबऱ्यांची हिंदी भाषांतरं टपालानं मागवायची, खाकी कव्हर घालायचं आणि ट्रक ड्रायव्हरांना मोठ्यानं वाचून दाखवायची, हा त्यांचा उद्योग. गोष्ट बहुतेक एकच. दोन जिवलग दोस्त, आणि एकाच्या मनात दुसऱ्याबद्दल दोस्तीहून जास्त काही. तो चहा पितो, समुद्राकडे बघतो, दोस्ताच्या लग्नात नाचतो, पण बोलत नाही म्हणजे नाही. त्या पानावर सर ताडकन उभे राहतात. एकदा त्यांच्या हातवाऱ्यांत माझी भज्यांची प्लेट उडाली! ड्रायव्हरही असे रंगतात की गाड्या चौकात तशाच उभ्या.

दर शनिवारी नागझिऱ्याच्या जंगलातले गाइड श्यामराव ऐकायला येत. सरांचे चाळीस वर्षांचे दोस्त. श्यामरावांच्या लग्नात सर वरातीपुढे घामाघूम होईस्तोवर नाचले होते, असं जुने लोक सांगतात. त्याआधी कधीतरी नागरा गावच्या महादेवासमोर श्यामरावांनी मितान व्हायला नारळ पुढे केला होता. छत्तीसगडकडून आलेली रीत ही. देवापुढे नारळ बदलले की दोघं जन्माचे भाऊ, मग एकमेकांचं नावसुद्धा घ्यायचं नाही. सरांनी साफ नकार दिला आणि कारण सांगितलं नाही. श्यामरावांना ते फार लागलं होतं. तेव्हापासून तेही त्यांना सगळ्यांसारखं 'सर'च म्हणत, पण शनिवार कधी चुकला नाही.

गेल्या महिन्यात श्यामराव मुलाकडे रायपूरला निघाले, कायमचे. सर सोडायला आले, श्यामरावांची बॅग माझ्याकडे. बसची वाट बघता बघता श्यामरावांनी पिशवीतून नारळ काढला.

"आता त जाऊन राहिलो, सर. आता तरी मितान व्हा."

सर चपलांकडे बघत राहिले. बस आली. शेवटी मीच म्हणालो, "बोला ना सर, कायले थांबून राहिले?"

आणि सर बोलले. अगदी हळू.

"मितान झालो का तू भाऊ होशील, श्याम. मले भाऊ नाही पायजे होता."

कंडक्टरनं दोनदा बेल मारली. मग श्यामरावांनी तो नारळ रस्त्याकडेच्या दगडावर फोडला आणि एक वाटी सरांच्या हातात ठेवली.

"मंग असाच खा, सुरेश."

सरांना नावानं हाक मारणारं या गावात कुणी उरलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

वाचन अजून चालतं. ते पान आलं की ड्रायव्हर नायकावर ओरडतात. सर त्यांना हातानं थांबवतात.

"बोलंल," म्हणतात. "वेळ लागते बावा."